कॅम्पेनमधला ट्विस्ट

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टीला कॅम्पेन म्हणतात, आणि त्या गोष्टीला अशी कलाटणी देणं की खेळणाऱ्यांना आधी घडलेल्या सगळ्याचा अर्थ परत नव्यानं लावावा लागतो, याला ट्विस्ट. अचानक काहीतरी झालं म्हणून ट्विस्ट होत नाही. जंगलातनं जाताना वरनं ड्रॅगन आला तर तो हल्ला झाला. पण गेली ८ सेशन, म्हणजे खेळाच्या ८ बैठका, ज्या म्हातारीच्या होडीतनं पार्टी (प्लेयरच्या कॅरेक्टरची टोळी) नदी ओलांडतेय तीच ड्रॅगन निघाली, आणि तिनं भाड्यात आजपर्यंत एकदाही तांब्याचं नाणं घेतलं नव्हतं, कायम ड्रॅगनच्या हव्यासाचं सोनंच मागत होती, हे आठवून टेबलावरचा कोणीतरी कपाळावर हात मारून घेतो, तेव्हा तो ट्विस्ट असतो. या नोंदीत फँटसी कॅम्पेनसाठी ट्विस्ट रचायचा कसा हे लिहिलंय, उदाहरणं बरीचशी सांगलीतल्या आमच्या टेबलावरची आहेत.

पार्श्वभूमी

या प्रकारचा पहिला छापून विकलेला गेम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी बनवला. एकजण डीएम होतो म्हणजे जग, हवामान, राक्षस, गावकरी सगळं तो चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर घेतात आणि आपलं कॅरेक्टर काय करतंय ते बोलून सांगतात, जिथं जमेल की नाही याची खात्री नाही तिथं २० बाजूंचा फासा टाकतात. स्क्रिप्ट नसते.

सांगलीकराला हे परकं वाटायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं सीतास्वयंवर केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणून गोष्ट पुढं न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी स्वतःच्या मनानं करायची, म्हणजे डीएम आणि प्लेयर यांच्यातली वाटणी जवळजवळ हीच. शिवाय धनुष्य कोण मोडणार हे बघायला आलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं, तरी लोक बसले. काय होणार यापेक्षा कसं होणार यात जास्त ओढ असते, आणि ट्विस्ट लिहिताना हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, नाहीतर माणूस नुसता धक्क्याच्या मागं लागतो.

जुनी दोन उदाहरणं

ट्विस्टचे दोन सगळ्यात चांगले धडे महाभारतात आहेत. पहिला कर्णाचा. तो आपला थोरला भाऊ होता हे पांडवांना कळतं ते तो मेल्यावर, कुंतीच्या तोंडून. युद्ध जिंकलेलंच राहतं, एकही बाण परत जात नाही, पण त्या विजयाची चव जाते. चांगल्या ट्विस्टची हीच खूण, पार्टीनं केलेलं काम वाया जात नाही, ते जड होतं. वाईट ट्विस्ट उलटं करतो, "तुम्ही जे केलंत ते स्वप्न होतं", "ती तलवार खोटीच होती", आणि चार महिने रविवार मोडून आलेल्या माणसांची मेहनत पुसून टाकतो.

दुसरा धडा अश्वत्थाम्याचा. भीमानं त्या नावाचा हत्ती मारला, आणि धर्मराज द्रोणांना म्हणाला अश्वत्थामा मेला, नरो वा कुंजरो वा. आता आपण हे गुळमुळीत बोलणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो, पण डीएमसाठी ही सगळी विद्याच आहे. शब्द खरे, ऐकणाऱ्यानं लावलेला अर्थ चुकीचा. फरक एवढाच की धर्मराज पुढचं पुटपुटला, डीएमनं ते स्वच्छ आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, तरीही प्लेयर चुकीचाच अर्थ लावतील कारण त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट चालू असते.

हरिपुरच्या पेवावरनं केलेला ट्विस्ट

सांगलीजवळ हरिपुरला हळद साठवायला जमिनीखाली पेवं असायची, तोंड अरुंद, आत पोट मोठं, वरनं बुजवून टाकलेलं. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. पेव उघडल्या उघडल्या आत माणूस उतरवत नाहीत कारण आतली हवा मेलेली असते, आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबायचं. आम्हाला लहानपणापासनं ऐकून हे माहीत होतं, म्हणून मी कॅम्पेनमधलं नदीकाठचं शहर असंच पेवांचं केलं.

चौथ्या सेशनला एका अडत्यानं पार्टीला बोलावलं, पेवातनं माल चोरीला जातोय, बघा. पहिल्या दोन पेवांत कंदील विझला. तिसऱ्यात विझला नाही. मी एवढंच सांगितलं की ज्योत डावीकडं झुकली, मग सरळ झाली, मग उजवीकडं झुकली, मग परत डावीकडं. रोग (rogue, चोरट्या कसबाचं कॅरेक्टर) खेळणारीनं वहीत लिहिलं, "वारा येतोय, बोगदा असणार". बोगदा खरंच होता. पाचव्या सेशनला त्यांनी तो शोधला, चोरांची वाट म्हणून मोठमोठे दगड लोटून बंद केला, नगरशेठनं सोन्याची २०० नाणी दिली, गावानं मिरवणूक काढली. त्याच्या आधी तिसऱ्या सेशनला, बाजारात, अडत्याचे पाय घोट्यापर्यंत पिवळे आहेत हे मी बोललो होतो, आणि बार्ड म्हणजे गाणाऱ्या भाटाचं कॅरेक्टर खेळणारा म्हणाला होता हळदीचा व्यापारी आहे, पिवळा असणारच. हात पिवळे असणार हो, पण पेवात कधीच न उतरणाऱ्या अडत्याचे पाय कसे पिवळे?

नवव्या सेशनला नदी चढायला लागली आणि अडत्या रात्री रडत आला. पेवांच्या खाली एक नागीण होती, शेकडो वर्षं नदीला वेटोळ्यात धरून बसलेली, तो रोज गुपचूप पेवात उतरून तिच्यासाठी हळद खाली टाकायचा, चोरी अशी कधी नव्हतीच. आणि तिचं नाक त्या बोगद्यात होतं. रोग खेळणारी मागची पानं उलटत गेली, स्वतःच्या अक्षरातली ती ओळ तिला सापडली, आणि ती हळूच म्हणाली, "वारा एकाच बाजूनं येतो रे." आत-बाहेर होत होता तो श्वास होता आणि तो त्यांनीच बंद केला होता.

डीएमचा शब्द

गावकरी खोटं बोलू शकतो, राजा बोलू शकतो, मेलेला साधू पण बोलू शकतो. डीएम डीएम म्हणून जे सांगतो ते मात्र खरंच असलं पाहिजे, कारण प्लेयरला जग दिसतं ते फक्त त्याच्या आवाजातनं, डोळे त्याला दुसरे नाहीत. हे मोडतं ते बहुतेक वेळा इनसाइट रोलच्या वेळी, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखायला फासा टाकतात तेव्हा. प्लेयर विचारतो, हा माणूस खरं बोलतोय का, रोल कमी पडतो, आणि डीएम घाईत म्हणतो, "हो, खरं बोलतोय." इथं डीएमनं स्वतः खोटं बोललं. म्हणायचं असं की "तुला त्याच्या चेहऱ्यावर काही पकडता आलं नाही." वाक्य छोटं आहे पण पुढं ट्विस्ट उघडला की पहिल्या वाक्याची चीड येते आणि दुसऱ्याची येत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये पार्टीला पोसणारा म्हातारा सरदारच व्हिलन निघाला आणि एकही क्लू मी आधी दिला नव्हता, उलट दोनदा "खरं बोलतोय" म्हणून सांगितलं होतं. टेबल गप्प झालं. चकित झालेली शांतता वेगळी असते, ही तशी नव्हती. एकजण म्हणाला, "मग आम्ही विचारून उपयोग काय होता?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि नसायलाच पाहिजे होतं, त्याचं बरोबर होतं.

क्लू किती द्यायचे

जो निष्कर्ष प्लेयरनी काढायलाच पाहिजे त्याला कमीत कमी तीन क्लू, हा या खेळातला जुना जाणता नियम आहे आणि हिशेबानं पण पटतो. समजा क्लू सापडायला फाशावर बोनस धरून १२ लागतात आणि कॅरेक्टरला २ चा बोनस आहे, म्हणजे फाशावर १० किंवा जास्त पाहिजेत, शक्यता ५५ टक्के. एकच क्लू ठेवला तर शंभरात ४५ वेळा तो हुकणार. असे तीन ठेवले तर तिन्ही हुकायची शक्यता साधारण ९ टक्क्यांवर येते. पण सापडणं वेगळं आणि समजणं वेगळं, पिवळे पाय सगळ्यांनी ऐकले होते तरी कोणाला काही वाटलं नाही, म्हणून माझं मत असं की ट्विस्टच्या क्लूवर रोल ठेवूच नये, तो फुकट द्यावा, उघड्यावर द्यावा, दुसऱ्या एखाद्या कामाच्या गोष्टीला चिकटवून द्यावा. सांगितलं सगळं आणि लपवलं काहीच नाही अशी स्थिती असेल तर उघड होताना प्लेयरला राग येतो तो स्वतःच्या न बघण्याचा, आणि त्या रागात मजा असते.

स्पेलपुढं टिकणारा ट्विस्ट

फँटसीत ही एक जास्तीची अडचण, गुपित फोडणारी जादू पार्टीच्या हातातच असते. झोन ऑफ ट्रुथ हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल म्हणजे मंत्र, १५ फूट त्रिज्येच्या गोलात जो सापडतो आणि सेव्ह म्हणजे बचावाचा फासा फेल करतो त्याला १० मिनिटं जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. स्पीक विथ डेडमध्ये प्रेताला ५ प्रश्न विचारता येतात. पुष्कळ डीएम घाबरून हे स्पेल बंद करतात किंवा व्हिलनला प्रत्येक वेळी काहीतरी ताईत देतात, हे करू नये, प्लेयरनं तो स्पेल निवडताना दुसरा सोडलेला असतो. नियमातच वाट आहे. झोन ऑफ ट्रुथमध्ये खोटं बोलता येत नाही पण उत्तर टाळता येतं, अर्धं देता येतं, आणि प्रेताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच माहीत असतं. आमच्या अडत्याला पार्टीनं त्या गोलात उभं केलंच होतं. "माल कोण नेतंय ठाऊक आहे का?" "माणसांपैकी कोणी नेत असेल तर मला ठाऊक नाही." शब्दनशब्द खरं. ज्याचा ट्विस्ट खोट्यावर उभा आहे त्याचा एका स्पेलनं पडतो, अर्धवट खऱ्यावर उभा असलेला पडत नाही.

पाणी चढतं तसं

वेग कसा ठेवायचा हे मला कृष्णेनं शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. १९२९ च्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटात मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि ऑगस्टमध्ये अख्खी सांगली सकाळी उठून एकच विचारते, "आयर्विनला किती?" २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. आकडा सगळ्यांना माहीत असतो, लोक नदीकडं बघत बसतात, आणि पाणी येतं घराच्या मागनं, नाल्यातनं, गटारीतनं. ट्विस्टही असाच यावा. काहीतरी चढतंय हे पार्टीला दर सेशनला जाणवत राहिलं पाहिजे, ३२, ३६, ३९, फक्त ज्या बाजूला ते तोंड करून उभे आहेत त्या बाजूनं येऊ नये. एका सेशनला शून्य आणि पुढच्याला ५७ असं केलं तर तो पूर नाही, टाकी फुटली.

दुसऱ्याच्या कॅरेक्टरला हात लावताना

प्लेयरच्या बॅकस्टोरीतलं, म्हणजे त्याच्या कॅरेक्टरच्या आधीच्या आयुष्यातलं माणूस वापरायचं, तिची बहीण व्हिलनकडं दाखवायची, त्याचा गुरू खरा मारेकरी, हे सगळ्यात जोरात लागतं आणि म्हणूनच सगळ्यात जास्त दुखावतं. सुरुवातीच्या सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बोलण्याच्या बैठकीतच, प्रत्येकाला विचारून ठेवावं की तुझ्या गोष्टीतलं काय मोडलं तर चालेल आणि कशाला हात लावायचा नाही. आमच्यात एकीनं सांगितलं आजीला काही करायचं नाही, संपलं, आजी पूर्ण कॅम्पेनभर घरी चकल्या तळत बसली आणि कोणाचं काही अडलं नाही. एका प्लेयरला गुपचूप गद्दार करायचं असेल तर त्याहून जास्त जपायला लागतं, नव्या ग्रुपात मी ते करणार नाही.

कोणी आधीच ओळखला तर

ओळखू दे. लई डीएम इथं चुकतात, प्लेयर बरोबर बोलला म्हणून रातोरात व्हिलन बदलतात, म्हणजे ज्यानं नीट लक्ष दिलं त्यालाच शिक्षा. आणि मागचे सगळे क्लू त्यामुळं खोटे पडतात ते वेगळंच. ओळखलेला ट्विस्ट पण चालतो, त्या प्लेयरचं आता बाकीच्यांना पटवायचं काम चालू होतं आणि दोन सेशन टेबलावर नुसती भांडणं होतात, तेही बघण्यासारखं असतं.

कधी उघडायचा

सेशनच्या अगदी शेवटी उघडला की टाळ्या मिळतात पण प्लेयर घरी जातात आणि आठवडाभरात ते सगळं थंड होतं. ३ तासांचं सेशन असेल तर दोन तासांच्या आसपास उघडावा, मग दहा मिनिटं थांबावं, चहा भडंग होऊ द्यावं, लोकांना वह्या उलटू द्याव्यात, कारण जुने धागे जोडायचं काम त्यांचं आहे, डीएमनं मध्ये बोलून समजावून सांगू नये. नागिणीच्या रात्री मी गप्प बसलो होतो. चहा झाला, आणि उरलेला तासभर त्या चौघांनी बोगद्यातले दगड एकेक करून बाहेर काढले, कोण कुठला उचलतंय, कोणाचं बोट चेंगरलं, कंदील कोण धरतंय हे सगळं आपापसात बोलत, आणि एकानंही फासा हातात घेतला नाही.