पायाखालचं सुकाणू

पावसाळ्यात कुर्ल्यातल्या एखाद्या गच्चीवरून उतरणारी विमानं बघा. विमान जातं धावपट्टीच्या रेषेतच, पण त्याचं नाक नैऋत्येच्या वाऱ्याकडे किंचित वळलेलं असतं. वर्सोव्याहून मढला जाताना खाडीला ओढ असली की तांडेल होडीचं तोंड ओढीच्या उलट बाजूला धरतो, तसंच. होडी तिरकी, वाट सरळ. फरक एवढाच, की विमानाला चाकं टेकायच्या आत नाक सरळ करावं लागतं. ते काम वैमानिकाचे पाय करतात: पेडल दाबलं की शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, वळतं. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानाचं सुकाणूही पायानेच चालायचं.

पण अमेरिकेत १९३७ साली उडालेल्या एरकूप या दोन आसनी विमानात पेडलच नव्हती. फ्रेड वाइक या अभियंत्याने ती मुद्दाम काढून टाकली होती.

का, ते कळायला वळणाची गंमत समजून घ्यावी लागेल. डावीकडे वळायचं तर उजव्या पंखाच्या टोकाची झडप खाली जाते आणि तो पंख उचलला जातो. उचल वाढली की हवेचा अडथळाही वाढतो. मग तो पंख मागे ओढला जातो आणि नाक चक्क उजवीकडे जायला बघतं! हे सावरायला योग्य तेवढा पाय लागतो. वेग फार कमी झालेला असताना पाय चुकला, तर एका पंखाची उचल दुसऱ्याच्या आधी सुटते आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. वाइकने झडपा आणि सुकाणू दोन्ही एकाच स्टिअरिंगला जोडले, शिवाय नाक फार वर उचलताच येऊ नये अशी मर्यादा घातली. पाय नाही, तर पायाची चूकही नाही.

मग आडव्या वाऱ्यात उतरायचं कसं? तिरकंच! चाकांची मांडणी अशी, की जमीन लागताच विमान आपोआप सरळ होतं. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येत असणार.

तरीही पुढे अनेक मालकांनी पेडल बसवून घेतली. माझ्या मते त्यांचं सर्वात पटणारं कारण वेगळंच आहे. एरकूपला फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या पट्ट्या, नाहीत. उंची जास्त राहिली, तर वेग न वाढवता खाली येण्याची जुनी युक्ती म्हणजे पंख एका बाजूला झुकवून सुकाणू उलट दाबायचं. विमान अंग वाऱ्याला आडवं करतं, अडथळा वाढतो आणि उंची भराभर उतरते. पण दोन्ही एकत्र जोडलेले असताना उलट दाबणार काय? त्यासाठी स्टिअरिंग आणि सुकाणू यांची सांगड सोडवून सुकाणू पेडलांना जोडावं लागतं. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. अशा बदलाला विमान नियामकाची मंजुरी लागते.

काहींनी मात्र मूळ एरकूपच निवडलं. जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांनी २००८ साली वैमानिकाचा परवाना मिळवला, तो याच विमानावर. त्यांचा एक पाय स्टिअरिंगवर असतो, दुसरा इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलवर. पेडलांसाठी तिसरा पाय कुठून आणायचा?