एपिड्युरल की सबड्युरल? सीटी रिपोर्टमधला नेहमीचा घोळ

सोलापुरात कुणी टू-व्हीलरवरून पडलं, डोक्याला मार लागला, सिव्हिलला नेलं की नातेवाईकांच्या हातात सीटीचा रिपोर्ट येतो आणि त्यात एपिड्युरल नाहीतर सबड्युरल हिमॅटोमा लिहिलेलं असतं. फोनवर गावाकडं सांगताना दोन्हीचं एकच होतं, "मेंदूत रक्त साकळलंय." खरं तर दोन्हीत रक्त मेंदूच्या बाहेर, आवरणांपाशी असतं, आणि कुठलं आवरण कुठून सुटलं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आवरणं तीन. बाहेरून ड्युरा, मधे अरॅक्नॉइड, आणि मेंदूला अगदी चिकटून ‘पाया’ नावाचं आवरण. ड्युरा म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांची, आपल्या सोलापुरी चादरीसारखी घट्ट वीण, जाडी एक मिलिमीटरच्या आसपास पण सहजासहजी फाटत नाही, मेंदूच्या मानानं तर हजारो पट ताठ. अरॅक्नॉइड पातळ, नाजूक, त्याच्याखाली पाणी खेळतं.

आता एपिड्युरल. कवटी आणि ड्युरा यांच्यात मुळात जागाच नसते, ड्युरा हाडाला चिकटलेला, कवटीच्या सांध्यांवर तर जास्तच घट्ट. कानशिलाचं हाड पातळ, ते तडकलं की आतून जाणारी मिडल मेनिंजियल आर्टरी फाटू शकते आणि धमनीच्या प्रेशरनं रक्त ड्युराला हाडापासून सोलत जातं. सांध्यापाशी बहुतेकदा अडतं, मग पसरायच्या ऐवजी आत फुगतं, म्हणून सीटीत ते दोन्ही बाजूंनी फुगीर दिसतं. काही पेशंट मधे शुद्धीवर येतात, बोलतात, चहा मागतात आणि थोड्या तासांत एकदम ढासळतात, म्हणून "बोलतोय की, घरी नेऊ" हे या केसमध्ये फार धोक्याचं.

(बाळंतपणात पाठीत देतात ते एपिड्युरल इंजेक्शन वेगळं, मणक्यात ड्युराच्या बाहेर खरोखरची जागा असते, चरबी असलेली.)

सबड्युरलची गंमत वेगळी आहे. ड्युरा आणि अरॅक्नॉइडमध्येही मोकळी जागा नसते, पण ड्युराच्या आतल्या काठाला पेशींचा एक थर असतो, त्यात कोलॅजन जवळजवळ नाही, पेशींचे एकमेकींशी जोडही मोजकेच. एवढ्या दणकट ड्युराचा कच्चा भाग नेमका हा! डोक्याला झटका बसला की कवटी आणि मेंदू एकदम सोबत हलत नाहीत, मग मेंदूकडून ड्युराकडे जाणाऱ्या शिरा (ब्रिजिंग व्हेन्स) ताणून तुटतात आणि रक्त त्या कच्च्या थराला फाडत लांबवर पसरतं, कवटीचे सांधे त्याला अडवत नाहीत, सीटीत चंद्रकोरीसारखी पातळ कोर दिसते.

म्हातारपणी मेंदू आकसतो, त्या शिरा आधीच ताणलेल्या असतात, उलट ड्युरा हाडाला आणखी घट्ट धरतो, त्यामुळं आजोबांना एपिड्युरल क्वचितच होतो, सबड्युरल मात्र मोरीत पाय घसरून किरकोळ लागलं तरी होतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच. दोन-तीन आठवड्यांनी तोल जातो, बोलण्यात गडबड होते, आणि घरचे म्हणतात वय झालं. अशा वेळी पडल्याचं आठवून डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, कारण जुनं रक्त पातळ झालेलं असतं, कवटीला छोटं छिद्र पाडून बऱ्याचदा काढता येतं. ते पुन्हा साठू नये म्हणून हल्ली काही ठिकाणी मिडल मेनिंजियल आर्टरीच आतून बंद करतात, कारण साठलेल्या रक्ताभोवती जो नवा पडदा तयार होतो त्याला रक्त तीच पुरवते.