दाढेतला ‘किडा’ आणि घड्याळाची स्प्रिंग

‘डॉक्टर, काढूनच टाका एकदाची.’ बीड-परभणीकडच्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात तासभर बाकड्यावर बसा, हे वाक्य कानावर येणारच. डॉक्टर रूट कॅनल सुचवतोय आणि पेशंट गालाला रुमाल दाबून दाढ उपटायच्या हट्टाला पेटलाय. हा हट्ट जुना आहे.

आपण अजून दात ‘किडला’ म्हणतो. दातात किडा असतो ही समजूत पार बॅबिलोनपर्यंत मागे जाते. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून दाढेला धुरी द्यायचे आणि मग पडलेले ‘किडे’ दाखवायचे. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा. उष्णतेने बी फुटून बाहेर आलेला पांढरा अंकुर किड्यासारखा दिसे. आपल्याकडचं गुपित फार वेगळं नसावं.

पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात हा किडा निकालात काढला. पण दुखणं तर खरंच होतं. दाताच्या कठीण कवचाच्या आत मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नस. कीड तिथवर पोचली की गर सुजतो आणि सुजेला पसरायला जागाच नसते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त ठणकते.

तो गर काढून पोकळी भरायची, हेच रूट कॅनल. गर बाहेर काढायला हत्यार हवं होतं. १८३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग घासून ते केलं. हल्ली मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स, म्हणजे बारीक कानशी, या तिचीच नातवंडं. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नमने दाताभोवती रबराचा पडदा लावून थुंकी अडवली. १८६७ मध्ये बोमनने साफ केलेली पोकळी गटापर्चाने भरली. हा मलायातल्या झाडाचा चीक. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवरही तोच चढवायचे. आजही दाताच्या मुळात तोच भरतात. सोबतच्या काही सिमेंटांत लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. म्हणजे आजीचा लवंगेचा बोळा अगदीच वाया गेला नाही. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, तोवर मुळाच्या टोकाशी काय चाललंय हे सगळं अंदाजपंचेच.

मग गाडी उलटी फिरली. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने दातातल्या जंतुसंसर्गावर शरीरभरच्या आजारांचं खापर फोडलं आणि पुढची काही दशकं वाचवता येण्याजोगे दातही सर्रास उपटले गेले. पुरावा टिकला नाही, धाक राहिला. ‘रूट कॅनलने कॅन्सर होतो’ हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज त्याच शिळ्या कढीला आलेला ऊत.

मराठवाड्याची गोष्ट याहून साधी. कोलकात्यात आर. अहमद यांनी १९२० मध्ये दंतवैद्यकाचं कॉलेज काढलं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. औरंगाबादला सरकारी दंत महाविद्यालय यायला १९८२ उजाडलं. गावात पक्कड होती, सुई आणि फाइल नव्हती. त्यातून वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही त्याच घरात. दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, हे कोण सांगणार? त्यामुळे माणूस जमेल तितके दिवस लवंगेवर काढायचा आणि असह्य झालं की उपटून मोकळा व्हायचा.

मला या हट्टात अडाणीपणापेक्षा हिशेब जास्त दिसतो. उपटायला एक खेप. रूट कॅनलला पुष्कळदा दोन-तीन खेपा, वर कॅपचा खर्च, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी. पण काढलेल्या दाढेचा खर्च नंतर लागतो: शेजारचे दात खड्ड्याकडे कलतात, समोरचा दात लांबतो, हाड झिजतं, आणि भाकरी एकाच बाजूने चावावी लागते. वाचवलेली दाढ स्वतःच्या मुळावर उभी राहते. मात्र मोठी पोकळी झालेली दाढ कॅपविना तडकू शकते. ठणका थांबला की कॅपची खेप चुकवणारे मी घरातच पाहिलेत. आमच्या मामांनी ज्वारीच्या हुरड्याचं निमित्त केलं, आणि त्या हुरड्यातच दाढ दुभंगली.