मोठी फाइल तुकड्यांत का येते?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. रोटांचा स्वयंपाक, मग रात्रभर जागर आणि अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. ही गाणी तोंडपाठ असलेल्या आजीबाया दर वर्षी कमी होत चालल्या आहेत. म्हणून कुणी हातातला रेकॉर्डर उंबऱ्यापाशी ठेवून अख्खा जागर टिपून घेतला, तर ते मोलाचं काम आहे. पण सकाळी कार्ड संगणकाला लावलं की एका रात्रीच्या तीन-चार फाइली निघतात. एखादं गाणं कडव्याच्या मध्येच तुटतं आणि पुढच्या फाइलीत सुरू होतं.

हे यंत्र बिघडल्याचं लक्षण नाही, यामागे एक साधा हिशोब आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन वाहिन्या अशा चांगल्या प्रतीच्या मुद्रणाला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात. बरेच रेकॉर्डर २ जीबीला फाइल बंद करून नवी उघडतात. भागाकार केला की उत्तर येतं २ तास ४ मिनिटं. वेव्ह या ध्वनिफाइलीत स्वतःची लांबी लिहायला ३२ बिटांची जागा असते, तिच्यात ४ जीबीपर्यंतचाच आकडा मावतो. त्यातला एक बिट जुन्या प्रणाली उणे-अधिक दाखवण्यासाठी राखून ठेवत, म्हणून त्यांची मर्यादा निम्मी, २ जीबी. सुरक्षित म्हणून रेकॉर्डर बनवणाऱ्यांनी तीच धरली. अनेक वर्षांपूर्वी कुणीतरी आखलेली रेघ आज कानबाईच्या गाण्यावरून जाते, ती अशी.

मोठी फाइल कापण्याची गरज मात्र याहून जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली तयार होत होती. ती ज्या पीडीपी-११ यंत्रावर चालायची, त्यावर एका प्रोग्रामला एका वेळी जेमतेम ६४ किलोबाइट स्मृती दिसायची. युनिक्समध्ये जोडण्याची आज्ञा पहिल्या आवृत्तीपासून होती, ‘कॅट’. कापण्याची आज्ञा ‘स्प्लिट’ लवकरच तिच्या जोडीला आली. ती सांगितलं नाही तर हजार-हजार ओळींचे तुकडे पाडते आणि त्यांना एक्सएए, एक्सएबी, एक्सएसी अशी नावं देते. या नावांत मोठं शहाणपण आहे. वर्णानुक्रमे लावली की तुकडे आपोआप मूळ क्रमात बसतात, आणि ‘कॅट’ला ‘एक्सने सुरू होणारं सगळं’ एवढंच सांगितलं की फाइल जशीच्या तशी परत मिळते. तुकड्याच्या आत काहीही भर घातलेली नाही, वेगळी यादी नाही. क्रम सगळा नावात. पुढच्या पन्नास वर्षांत आलेल्या प्रत्येक साधनाला हा क्रम कुठे ठेवायचा हे ठरवावं लागलं. फाइल जुळली की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरलं.

आपल्याकडे हा प्रश्न फ्लॉपीबरोबर आला. आधी ५.२५ इंची, ३६० किलोबाइटची, नंतर १.२ एमबीची, मग ३.५ इंची, जिला सगळे १.४४ एमबी म्हणत. तिच्यावर खरे बाइट १४,७४,५६०, आणि त्यातलेही थोडे फ्लॉपीच्या स्वतःच्या नोंदींत जात. नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याच्या डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं पेजमेकरमध्ये लागत. नुसता मजकूर फ्लॉपीत आरामात मावे. रंगीत छायाचित्र आलं की अडचण. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं, तर दाबण्याआधी ते सुमारे २६ एमबी भरतं. म्हणजे एका पानाला १८ फ्लॉप्या. तेवढ्या घेऊन कुणी भुसावळहून गाडीने पुण्या-मुंबईला छपाईची फिल्म काढायला गेला आणि तिथे अकरावी फ्लॉपी वाचली गेली नाही, तर उरलेल्या सतरा निरुपयोगी. त्या काळात कामं केलेल्यांना ही धास्ती आठवत असेल.

त्या दशकात तीन नावं घराघरांत नसली तरी दुकानादुकानांत होती. फिल कॅट्झ यांचं पीकेझिप १९८९चं, रॉबर्ट जंग यांचं एआरजे त्यानंतर लगेचचं, आणि रशियातल्या युजीन रोशाल यांचं रार १९९३चं. तिन्ही आधी फाइल दाबून लहान करत आणि मग फ्लॉपीच्या मापाने तुकडे पाडत. एआरजेचा पहिला तुकडा .एआरजे, पुढचे .ए०१, .ए०२. रारचे .आर००, .आर०१, पुढे ‘पार्ट१’, ‘पार्ट२’ अशी नावं आली. झिपची तऱ्हा वेगळी होती. झिपमध्ये काय काय आहे याची यादी फाइलीच्या शेवटी असते. म्हणून बऱ्याच फ्लॉप्यांवर पसरलेली झिप उघडायला गेलं की संगणक आधी शेवटची फ्लॉपी मागायचा, मग पहिली, मग दुसरी. कित्येकांना हा प्रोग्रामचा दोष वाटे. खरं तर यादी वाचल्याशिवाय त्याला काय कुठे आहे ते कळणारच नव्हतं.

विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीत जोडण्यासाठी वेगळं साधन लागत नसे. कॉपी आज्ञेत तुकड्यांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते एकामागे एक लागतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत हे आजही चालतं. पण त्यात ‘स्लॅश बी’ (/b) विसरून चालत नाही. डॉसच्या आधीच्या सीपी/एम प्रणालीत फाइलीची लांबी बाइटांत नव्हे, १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजली जाई. मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला २६ क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह घालत. डॉसने तो रिवाज पुढे चालवला. जोडताना कॉपी आज्ञा प्रत्येक तुकडा मजकूर समजून वाचते आणि ते चिन्ह दिसलं की ‘संपलं’ समजून पुढच्या तुकड्याकडे वळते. छायाचित्रात किंवा ध्वनीत त्या क्रमांकाचा बाइट कुठेही असू शकतो, त्यामुळे फाइल अर्धवट जुळते. ‘स्लॅश बी’ म्हणजे मजकूर मानू नकोस, बाइट जसे आहेत तसे घे.

दुसरा खड्डा क्रमाचा. ‘या नावाचे सगळे तुकडे जोड’ असं ताऱ्याच्या चिन्हाने सांगितलं, तर कॉपी आज्ञा तुकडे क्रमाने लावत नाही. डिस्ककडून ज्या ओळीने नावं मिळतात त्या ओळीने जोडते. डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर नावं वर्णानुक्रमे मिळतात. एफएटी पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ती बहुधा ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने मिळतात. तिसरा तुकडा आधी उतरवला असेल तर तो आधी जोडला जातो. तेच तुकडे घरच्या संगणकावर नीट जुळतात आणि पेन ड्राइव्हवर बिघडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. शिवाय १, २, १० अशी नावं असली तर वर्णानुक्रमात १०चा नंबर २च्या आधी लागतो. ००१, ००२, ०१० असं लिहिण्याची रीत त्यासाठीच पडली. एचजेस्प्लिट हे छोटंसं फुकट साधन याच रीतीने .००१, .००२ असे तुकडे करायचं; १९९९मध्ये इगोर पावलोव्ह यांनी आणलेलं सेव्हन-झिपही तसेच करतं.

तारेवरून पाठवण्याचा इतिहास समांतर चालला. १९८०मध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएनकोड लिहिलं. फक्त मजकूर नेणाऱ्या जाळ्यांवरून कोणतीही फाइल अक्षरांच्या रूपात पाठवता येऊ लागली. तिथे एका पत्राच्या आकाराला मर्यादा असल्यामुळे तुकडे ओघानेच आले. एखादा तुकडा वाटेत हरवणं नेहमीचं होतं, आणि त्यावरचा उपाय गणितातून आला. रीड आणि सॉलोमन यांच्या १९६०च्या पद्धतीने काही जादा तुकडे बनवायचे. मूळ तुकड्यांतले जितके हरवतील तितके जादा तुकडे हाताशी असले की हरवलेले पुन्हा मोजून काढता येतात. या जादा तुकड्यांच्या फाइलींना ‘पार’ (PAR) म्हणतात. सीडीवर ओरखडा पडूनही गाणं वाजतं, त्यामागेही हेच गणित आहे. अठरा फ्लॉप्यांच्या काळात दुकानांत हे असतं, तर अकरावी फ्लॉपी कुणाला छळली नसती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झालं. पण टेलिफोनच्या तारेवरून मोठं काही खाली उतरवणं खानदेशात बराच काळ जिकिरीचंच राहिलं, वीज आणि लाइन दोन्ही साथ देतील तेव्हा. तुकड्यांचा तिथे वेगळा फायदा होता: मध्येच तुटलं तर एक तुकडा जाई, अख्खी फाइल नाही.

मग लग्नाचं चित्रीकरण आलं, आणि या विषयाशी सर्वांत जास्त माणसांची गाठ तिथे पडली. मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेलं चित्रीकरण तासाला सुमारे १३ जीबी भरतं. एफएटी३२ ही पद्धत विंडोज ९५च्या १९९६मधल्या सुधारित आवृत्तीत आली, आणि तिच्यात एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची असू शकते. वीसेक मिनिटांच्या चित्रीकरणात ती मर्यादा भरते. हळद संपायच्या आत! पेन ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी असताना फाइल मात्र जात नाही, तीही याच मर्यादेमुळे. २००६मध्ये आलेल्या एक्सफॅटने ती काढून टाकली. पण टीव्ही आणि जुने डीव्हीडी प्लेअर एफएटी३२च ओळखत राहिले, म्हणून दुकानदार पेन ड्राइव्ह त्याच पद्धतीने फॉरमॅट करून देत राहिले.

लग्नाच्या डीव्हीडीतही कापाकापी आहेच. घरातली जुनी डीव्हीडी संगणकात उघडून पाहिली की व्हीटीएस_०१_१, व्हीटीएस_०१_२ अशा व्हीओबी फाइली दिसतात. बहुतेक प्रत्येकी १ जीबीच्या, शेवटची लहान. डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्यांनी जुन्या प्रणालींना झेपावं म्हणून ही मर्यादा घातली. हे तुकडे मूळच्या एकाच प्रवाहाचे असल्यामुळे १पासून ओळीने ‘स्लॅश बी’ने जोडले की सलग चित्रपट मिळतो. फक्त शून्य क्रमांकाची फाइल घ्यायची नाही, ती सुरुवातीच्या मेन्यूची असते.

या ठिकाणी एक भेद नीट समजून घ्यावा लागतो, कारण अनेकांची मेहनत इथेच वाया जाते. एक कापणं बाइटांचं: फाइलीत काय आहे हे न पाहता ठरावीक लांबीवर तोडणं. असे तुकडे एकएकटे काहीच कामाचे नाहीत, पण ओळीने लावले की मूळ फाइल अचूक परत येते. दुसरं कापणं आशयाचं: प्रत्येक तुकडा स्वतःचं डोकं असलेली, एकटी वाजणारी पूर्ण फाइल. रेकॉर्डरच्या वेव्ह फाइली दुसऱ्या जातीच्या आहेत. प्रत्येकीच्या सुरुवातीला ‘माझी लांबी एवढी’ अशी नोंद असते. त्या ‘स्लॅश बी’ने जोडल्या तर आकार बेरजेइतका दिसतो, पण वाजते फक्त पहिली, प्लेअर पहिल्या नोंदीवर विश्वास ठेवून थांबतो. एमपी४चंही तसंच, तिची अनुक्रमणिका आतच असते. अशांसाठी आत काय आहे ते जाणणारं साधन लागतं. ध्वनीला ऑडॅसिटी, चित्रीकरणाला एफएफएमपेग. दोन्ही २०००च्या सुमाराची, दोन्ही फुकट. कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइली मात्र प्रवाहाच्या जातीच्या असल्यामुळे सरळ जोडूनही बहुधा चालतात. पीडीएफ कधीच सरळ जोडायची नाही. अर्जासोबत कागदपत्रं चढवताना ती ‘मर्ज’ करणारं साधन पानं उचलून नवी फाइल बांधतं, बाइट चिकटवत नाही.

आता कापणं डोळ्यांआड झालं आहे. इंटरनेटवर फाइली वाटून घेण्याच्या २००१च्या बिटटॉरेंटने फाइलीचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा आधीच जाहीर करण्याची पद्धत रुळवली. क्लाउडवर चढवतानाही आत तुकडेच जातात. उघडपणे मर्यादा भेटते ती ई-मेलमध्ये. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि जोडलेली फाइल अक्षरांत बदलताना एक तृतीयांशाने फुगत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी.

ठशाबद्दल थोडं सविस्तर, कारण फाइल अचूक जुळली हे डोळ्यांनी कळत नाही. फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात. एक बिट बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. ठसा काढण्याची १९९१ची एमडी५ पद्धत वाटेतला बिघाड ओळखायला पुरते, जाणूनबुजून केलेला बदल ओळखायला एसएचए-२५६ घ्यावं. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा दोन्ही काढून देते, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

धुळ्यात वि. का. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७पासून कागद सांभाळतं आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्या आहेत. कागदाचं पान सुटलं तर दिसतं. फाइलीचा तुकडा हरवल्याचं ती उघडायला गेल्यावरच कळतं, आणि कधी कधी उघडायचं साधनच उरलेलं नसतं. एकेकाळी .एस (ACE) नावाच्या दाबलेल्या फाइलींचे तुकडे सर्रास फिरत. ते उघडणाऱ्या जुन्या भागात २०१९मध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं, त्याचा मूळ कोड हाताशी नव्हता, म्हणून विनरारने (रारच्या विंडोजवरच्या रूपाने) त्या प्रकाराचा आधारच काढून टाकला. एआरजे अजून सेव्हन-झिपमध्ये उघडते. एचजेस्प्लिटचे .००१ तर कुठल्याही संगणकावर, कोणत्याही साधनाविना जुळतात, कारण त्यात भर काहीच घातलेली नाही.

म्हणून जागराचं मुद्रण ठेवताना रेकॉर्डरने दिलेल्या फाइली जशा आहेत तशा वेगळ्या ठेवाव्यात, जोडलेली प्रत निराळी करावी, आणि दोन्हींचे एसएचए-२५६ ठसे साध्या मजकूर फाइलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. ज्यांच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या फ्लॉप्या आणि सीडी पडून आहेत, त्यांनी आधी त्या वाचून घ्याव्यात. जोडण्याची साधनं आज मिळतात, फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह मात्र नव्या संगणकात येत नाही.