स्क्रीन रेकॉर्डिंग, एआय एजंटमार्फत

एआय एजंट मोबाईल चालवत असताना पडद्यावर जे घडते, त्याचा व्हिडिओ एजंटनेच सुरू करायचा, त्यानेच थांबवायचा आणि फाईल संगणकावर आणून ठेवायची, अशी ही पद्धत आहे. तिचा मुख्य उपयोग अ‍ॅपच्या टेस्टिंगमध्ये होतो. 'पडदाचित्रण' असा शब्द घडवता येईल. पण सांगलीत विश्रामबागेच्या चहाच्या गाड्यावर उभी असलेली टेस्टिंगवाली पोरे 'रेकॉर्डिंग टाक की' असेच म्हणतात, म्हणून नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

एजंट म्हणजे भाषा-मॉडेल (मजकूर समजून उत्तर देणारा एआय) आणि त्याच्या हाती दिलेली टूल्स. 'इथे टॅप कर', 'स्क्रीनशॉट दे', 'रेकॉर्डिंग सुरू कर' ही प्रत्येकी एकेक टूल. मॉडेल आणि टूल यांच्यातल्या बोलण्यासाठी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हा खुला करार जाहीर केला. मोबाईल हाताळणारी टूल्स त्याच साच्यात बसवता येतात.

रेकॉर्डिंगची गरज का पडते, ते मार्केट यार्डातल्या उदाहरणावरून कळेल. समजा, अडत दुकानासाठी हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) करणारे अ‍ॅप आहे. एजंटला सांगितले : वाण राजापुरी निवड, वजन १२ क्विंटल ४० किलो टाक, पट्टी सेव्ह कर. एजंट स्क्रीनशॉट घेतो, बटण कुठे आहे ते बघतो, टॅप करतो, परत स्क्रीनशॉट घेतो. शेवटी 'पट्टी सेव्ह झाली' असे कळवतो. यादीत मात्र पट्टी नाही. झाले असे, की सेव्ह दाबताच पडद्याच्या तळाशी 'दर भरा' एवढी दोन शब्दांची टोस्ट (आपोआप नाहीशी होणारी सूचना) येऊन गेली. अँड्रॉइडवर आखूड टोस्ट २ सेकंद टिकते, लांबवलेली ३.५ सेकंद. स्क्रीनशॉट मॉडेलकडे जाऊन उत्तर येईपर्यंत पुष्कळदा याहून जास्त वेळ जातो. दोन स्क्रीनशॉटांमधल्या फटीत जे घडले ते एजंटने पाहिलेलेच नसते, त्यामुळे तो खोटे बोलतो असेही म्हणता येत नाही. त्याचा अहवाल ही जबानी आणि रेकॉर्डिंग हा पंचनामा, असे समजावे. बहुतेक वेळा हा व्हिडिओ एजंट बघतच नाही. तो माणसासाठी असतो.

अँड्रॉइडवर हे काम एडीबीच्या, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या, वाटेने होते. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग चालू करायचे आणि केबल जोडल्यावर फोन जी परवानगी मागतो ती द्यायची. पुढचे काम 'स्क्रीनरेकॉर्ड' ही आज्ञा करते. अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, ती फोनमध्येच आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्येच 'शो टॅप्स' चालू ठेवले, तर माणसाचे बोट कुठे पडले ते ठिपक्याने दिसते. एजंटला बोट नाही, त्यामुळे एडीबीतून केलेल्या त्याच्या टॅपचा ठिपका बहुधा उमटत नाही. आयफोनच्या सिम्युलेटरसाठी (संगणकावर चालणाऱ्या नकली आयफोनसाठी) एक्सकोड या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी आज्ञा आहे.

सुरू करणे आणि थांबवणे ही दोन वेगळी टूल्स असतात. टूल बोलावले की त्याचे उत्तर आले पाहिजे, एरवी एजंट वाट बघत बसतो. म्हणून पहिले टूल रेकॉर्डिंग पाठीमागे सोडून लगेच 'सुरू झाले' म्हणते, आणि दुसरे त्याच प्रोसेसला (पाठीमागे चालू असलेल्या कामाला) गाठून थांबवते. ग्यानबाची मेख या थांबवण्यातच आहे. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. प्रोसेसला सभ्यपणे 'आवर आता' असा इशारा दिला, तर ती लिहून होते. एकदम ठार केले, तर फाईल मोठी दिसते पण चालत नाही. फाईल फोनवरून ओढून घेण्याआधी क्षणभर थांबावे लागते, तेही याचसाठी.

मर्यादाही बऱ्याच आहेत. या आज्ञेची ठरलेली मुदत १८० सेकंदांची असते. दर सेकंदाला ४ मेगाबिट धरले तरी तेवढ्यात ९० मेगाबाइटपर्यंत फाईल होते. या आज्ञेच्या व्हिडिओत आवाज येत नाही. मध्येच फोन आडवा केला, तर चित्राचा काही भाग कापला जाऊ शकतो. पडदा स्थिर असेल तर व्हिडिओच्या नव्या चौकटीच (फ्रेम) लिहिल्या जात नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी दाखवणारे अ‍ॅप घ्या. कृष्णेने ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली की आकडा लाल झाला पाहिजे, हे तपासायचे आहे. आकडा बदलेपर्यंत पडदा गप्प आणि मुदत संपली की रेकॉर्डिंग बंद. अशा कामाला चाचणीचे आकडेच मुद्दाम भराभर बदलून द्यावे लागतात.

मराठी अ‍ॅपांपुरती एक अडचण निराळीच. एडीबीची मजकूर टाइप करणारी साधी आज्ञा देवनागरी अक्षरे घेत नाही. 'हळकुंड' पाठवले की एरर येते आणि रकाना रिकामाच राहतो. त्यासाठी फोनवर खास कीबोर्ड अ‍ॅप बसवतात. ही चूक लॉगमध्येही (आज्ञांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) सापडते, पण व्हिडिओत ती अडत्यालासुद्धा दिसते. रकाना कोरा आणि तरीही एजंट पुढच्या पानावर गेलेला!

पैशांच्या अ‍ॅपांत पिन टाकायचे पान रेकॉर्डिंगमध्ये बहुधा काळे येते. अ‍ॅप बनवणाऱ्याने त्या खिडकीवर सुरक्षिततेची खूण लावलेली असते. तो टूलचा दोष नव्हे. उरलेले सगळे मात्र टिपले जाते : शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, बँक खात्याचे आकडे, वरून उतरलेला ओटीपी. म्हणून टेस्टिंगचा फोन वेगळा आणि शक्यतो सिमकार्डाशिवाय ठेवतात, पट्ट्यांवर खोटी नावे घालतात, आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी एकदा स्वतः शेवटपर्यंत पाहतात.