पॉइंट लोबोस : राखीव किनाऱ्याच्या आधीची गोष्ट

कॅलिफोर्नियात कार्मेलच्या दक्षिणेला हायवे 1 वरून समुद्राकडे वळलं की पॉइंट लोबोस लागतं. वाऱ्याने पिळवटलेली सायप्रसची झाडं, खडकांवर कोकलणारे सी लायन, चायना कोव्ह या छोट्या खाडीचं हिरवंनिळं पाणी. इथे माणसाचा हातच लागला नसावा, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात या भूशिरावरून विकता येण्यासारखं जे जे होतं, ते बहुतेक सगळं एकदा विकायला काढून झालं आहे.

रुमसेन ओलोनी हे इथले मूळ रहिवासी. 1850 च्या दशकात चिनी मच्छीमार कुटुंबं आली आणि व्हेलर्स कोव्हच्या काठावर त्यांनी घरं बांधली. त्यातलं एक लाकडी घर अजून उभं आहे, आता तिथे छोटं संग्रहालय आहे. त्याच्या जमिनीखाली आधाराला देवमाशाच्या पाठीचे मणके लावलेले आहेत. पुढच्या दशकात अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज शिकारी इथे आले. करडा देवमासा दिसला की होड्या हाकायच्या, मारलेला मासा ओढत खाडीत आणायचा, चरबी सोलून लोखंडी कढयांत उकळायची आणि दिव्यांसाठी तेल विकायचं, असा हा धंदा. रॉकेल स्वस्त झालं, देवमासेही विरळ झाले आणि भट्ट्या थंडावल्या. त्याच काळात इथे ग्रॅनाइटची खाणही होती, आणि जवळच्या डोंगरातला कोळसाही इथूनच जहाजांवर चढे.

1890 च्या दशकात पाळी आली जमिनीची. घरांसाठी प्लॉट आखले गेले, काही विकलेही गेले. किनारा कायमचा हातचा जाण्याचा खरा धोका तेव्हाच होता, असं मला वाटतं. भट्टी बंद पडते. वसलेली वसाहत कोण उठवणार?

1898 मध्ये ए. एम. ॲलन यांनी इथली बरीच जमीन घेतली. गेन्नोसुके कोदानी या जपानी भागीदारासोबत त्यांनी ॲबलोनी शिंपल्यांचा डबाबंद माल काढायचा कारखाना चालवला. पाणी इतकं गार की जपानी पाणबुड्यांना शिरस्त्राणाचा पोशाख चढवून उतरावं लागे. एवढे शिंपले साचले होते, त्यालाही एक कारण होतं. ते खाणाऱ्या समुद्री ऊदमांजरांचा फरच्या व्यापाराने आधीच जवळजवळ निःपात केला होता.

म्हणजे ॲलन काही साधुपुरुष नव्हते. पण याच माणसाने विकलेले प्लॉट एकेक करून परत घ्यायला सुरुवात केली, आणि हौशी लोकांच्या गर्दीला आवर घालायला फाटक बसवून पैसे आकारले. पुढे सायप्रस वाचवण्यासाठी सेव्ह द रेडवूड्स लीगसारख्या संस्थाही पुढे सरसावल्या. मॉन्टेरे सायप्रस नैसर्गिकरीत्या जगात दोनच ठिकाणी उगवतो, त्यातलं हे एक. ॲलन यांच्या मृत्यूनंतर, 1933 मध्ये, जमीन राज्याकडे गेली. सायप्रसची राई कुटुंबाने देणगी म्हणून दिली. आज तिथली पायवाट ॲलन मेमोरियल ग्रोव्हमधून जाते.

तोवर सगळं लक्ष जमिनीकडेच होतं. 1960 मध्ये किनाऱ्यालगतचा सुमारे 750 एकर समुद्रतळही राखीव झाला. पाण्याखालचं असं राखीव क्षेत्र अमेरिकेत पहिल्यांदाच होत होतं. नामशेष झाली असं धरून चाललेली ऊदमांजरं 1938 मध्ये याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, पुन्हा दिसली होती. आज ती इथल्या केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत पाठीवर तरंगत, पोटावर शिंपला ठेवून फोडताना दिसतात. 1997 पासून कॅलिफोर्नियात ॲबलोनीची व्यापारी मासेमारी बंद आहे.

आताचे नियम या इतिहासातूनच आले आहेत. कुत्रा आणायचा नाही, पायवाट सोडायची नाही, डायव्हिंगला परवाना लागतो, सीलची पिल्लं होण्याच्या दिवसांत काही किनारे बंद असतात आणि आतली पार्किंग भरली की गाडी बाहेरच थांबते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सायप्रसच्या राईकडे धाव घेण्याआधी व्हेलर्स कोव्हवरचं ते लाकडी घर पाहून घ्यावं.