पटकथेचं पुस्तक स्वतः काढताय? येताना करार घेऊन या

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांना आम्ही मजकुरापासून छपाईपर्यंत मदत करतो. पटकथेचं बाड घेऊन कुणी आलं की पानं किती हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो, ही कुणाला दिली होती का? निर्मात्याशी करार झाला असेल, तर पुस्तकाचे हक्कही त्यातच गेलेले असू शकतात. सिनेमा बनलाच नाही, म्हणजे हक्क आपोआप परत आले, असं धरून चालू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणून जुना कागद शोधाच. पटकथा कुणाच्या कथेवर असेल तर त्या लेखकाची, आत दुसऱ्याची गाणी असतील तर गीतकाराची परवानगी लागते, तीही लेखी. तोंडी होकारावर आम्ही छपाईला हात घालत नाही.

हक्क तुमचेच असतील तर बाहेर देण्याआधी नोंदणी करून घ्या. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी 500 रुपये शुल्क आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथेही नोंदवता येते.

आता मजकुराचं. शूटिंगची प्रत जशीच्या तशी छापली तर वाचकाचा जीव मेटाकुटीला येतो. ‘इंट. चाळीतली खोली – रात्र’ (‘इंट.’ म्हणजे इंटीरियर, आतलं दृश्य) याचं आम्ही ‘चाळीतली खोली. रात्र.’ करतो. दर दृश्याखालचं ‘कट टू’, म्हणजे पुढच्या दृश्यावर जाण्याची सूचना, काढतो. पण ‘आईच्या हातातल्या पावतीचा क्लोजअप’ यावर पुढचा प्रसंग उभा असेल, तर ती ओळ राहते. हे आम्ही तुमच्या शेजारी बसूनच ठरवतो. संवाद पानाच्या मधोमध घेतले तर मोबाइलवर ओळी तुटतात, म्हणून ई-पुस्तकात पात्राचं नाव ठळक करून डावीकडून सुरुवात करतो.

श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलं असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणावं लागतं. त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. मुद्रितं (प्रुफं) दोनदा वाचायची तयारी ठेवा.

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येतं. मात्र भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या किंडलच्याच योजनेत जावं लागतं, आणि मग 90 दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही नाही.

छापील पुस्तक हवं असेल तर सुरुवातीला 50 प्रती डिजिटलवर, म्हणजे थेट फाइलवरून, काढा, असंच आम्ही सांगतो. ऑफसेट छपाईला आधी प्लेट बनवाव्या लागतात, त्यांचा खर्च सुरुवातीलाच बसतो, तो काहीशे प्रतींशिवाय भरून येत नाही. पटकथेचा वाचक हळूहळू जमतो. घरात गठ्ठे पडून राहिलेले आम्हाला बघवत नाहीत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. तो तुमच्याच नावावर घ्या, अर्ज भरायला आम्ही मदत करू. आणि प्रकाशक तुम्हीच असल्यामुळे कायद्याने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत प्रकाशनानंतर 30 दिवसांत स्वखर्चाने पाठवावी लागते. प्रतींचा हिशेब करताना या 4 आधीच बाजूला काढा.